चौथ्या मजल्यावरची नोंद

पहिला खोटा फॉर्म तिने भरला तेव्हा तिला खरोखरच ताप होता. पुढे ती हे अनेकदा स्वतःला सांगायची, आणि दर वेळी ते स्वतःलाच थोडं कमी पटायचं.

काम मोठं होतं. हृदयरोगाच्या एका केंद्राने पाहणी काढली होती. पन्नाशीच्या पुढची दोन हजार माणसं, दहा वर्षं, आणि शोधायचं एवढंच की रोजच्या चहाचं हृदयाशी नातं काय. चहा तारतो, मारतो, की नुसता पोटात जातो? एका प्रश्नाचं उत्तर काढायला त्रेसष्ट प्रश्न विचारायचे. दिवसाला किती कप, कप केवढा, दुधाचा की कोरा, साखर किती, खळखळून उकळलेला की नुसता पाण्यात बुडवलेला, उठल्या उठल्या की काही खाऊन. मग झोप, चालणं, जिना चढताना लागणारा दम, छातीत दुखणं. शेवटी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब, मनगट धरून नाडी, आणि पिशवीतला काटा जमिनीवर ठेवून वजन. दर चार महिन्यांनी एक फेरी. तिच्या वाट्याला एकशे चाळीस घरं आली होती.

त्या घरांत तिला सगळे चहाताई म्हणत. पंचेचाळिशीची, अंगाने भरलेली, बोलायला मोकळी बाई. दार उघडलं की चपला काढता काढताच तिचं सुरू व्हायचं, "काय, आज कितवा?" माणसं हसायची आणि खरं सांगायची. आठ कप पिणारा निवृत्त मास्तर सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून बोटांनी आकडा दाखवायचा. एक आजी साखर बंद केल्याचं जोरात सांगायची आणि मग हळूच कानात, "दोन चमचे लिही." चहाच्या निमित्ताने घराघरातलं बरंच काही तिच्या कानावर यायचं. ते तिने कधी या दारातलं त्या दारात नेलं नाही. केंद्राच्या मोठ्या डॉक्टरीणबाई नव्या मुलींना सांगत, "हिच्याकडून शिका. माणूस खोटं का बोलतो ते हिला कळतं."

पहिली चार वर्षं तिने एकही घर चुकवलं नाही.

पाचव्या वर्षी ताप आला. तीन घरं राहिली होती आणि फॉर्म दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. ती अंथरुणात बसली, त्या तिघांचे मागच्या फेरीचे कागद समोर घेतले, आणि नवे फॉर्म भरले. चहा तोच, झोप तीच. रक्तदाबाचा आकडा तेवढा दोनने खाली, चारने वर. कुणाला काही कळलं नाही. विहिरीत दगड टाकावा आणि डुबुक असा आवाजही येऊ नये, तसं झालं.

पुढच्या फेरीला ताप नव्हता, गुडघा होता. सात फॉर्म. त्याच्या पुढे एकोणीस. घरं कशी निवडायची हेही तिचं ठरून गेलं होतं. जिथे जिने जास्त, आणि जिथली उत्तरं कधी बदलत नाहीत, ती.

या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदत होत्या. घड्याळवाले काका चौथ्या मजल्यावर राहत. इमारतीला लिफ्ट नव्हती. काका एक्काहत्तर वर्षांचे, उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. डोळ्याला भिंग लावून लावून उजवी भुवई कायमची वर चढलेली, त्यामुळे ते सतत कशावर तरी आश्चर्य करत असल्यासारखे दिसायचे. डॉक्टरांचं त्यांना वावडं होतं. "धडधाकट माणूस दवाखान्यात गेला की आजारी होऊन बाहेर येतो," म्हणायचे. पट्ट्यासाठी दंड पुढे करायचे तो फक्त चहाताईपुढे. ती बसायच्या आधीच सांगायचे, "लिहा. चार. पहिल्यासारखेच." मग काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "ताई, तुमचा अर्धा की पूर्ण?" आणि तिने काहीही सांगितलं तरी पूर्णच आणायच्या.

मार्चमध्ये ती त्यांच्या रस्त्यापर्यंत गेली होती. कोपऱ्यावर बाग होती, बागेत बाक होता, आणि ऊन अगदी हवंहवंसं होतं. ती टेकली. पिशवीतून मासिक काढलं आणि पाककृतींपासून राशिभविष्यापर्यंत सगळं वाचलं. मग फॉर्म काढून मांडीवर ठेवला. चहा चार कप. रक्तदाब एकशे सव्वीस, ऐंशी. नाडी बहात्तर. छातीत दुखणं, नाही. त्या दिवशी गुडघा दुखत नव्हता. हे तिला नंतर फार नीट आठवत राहिलं.

जुलैमध्ये ती त्या रस्त्यापर्यंतही गेली नाही. फॉर्म घरीच भरला.

*

ऑगस्टमधल्या एका सोमवारी सकाळी केंद्रात बैठक होती. लांब टेबलाभोवती पाहणीच्या चौदा बायका, टेबलाच्या टोकाला डॉक्टरीणबाई, आणि खिडकीजवळ संगणकावर भाऊसाहेब. सगळे फॉर्म संगणकात चढवायचं काम भाऊसाहेबांचं. छप्पन्न वर्षांचे, जाड चष्मा, आकडा टाकला की तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघायची सवय. पाच-सव्वापाच वर्षांत त्यांची चूक कुणी काढली नव्हती.

दार वाजलं आणि काकू आत आल्या.

चहाताईने त्यांना क्षणभर ओळखलंच नाही. काकूंना तिने कधी घराबाहेर पाहिलं नव्हतं. वाळल्या होत्या. हातात पर्स घट्ट धरलेली. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, चहाताईकडेही पाहिलं, आणि पर्समधून एक कार्ड काढून डॉक्टरीणबाईंपुढे ठेवलं. प्रत्येक फेरीनंतर केंद्र असं कार्ड घरोघरी पाठवायचं. आभार, आणि खाली त्या वेळची नोंद. बहुतेक जण ते न वाचताच ठेवून देत.

"हे यांच्या नावाने आलंय," काकू म्हणाल्या. "जुलैचं आहे. पण हे तर एप्रिलमध्येच गेले."

डॉक्टरीणबाईंनी कार्ड उचलून वाचलं. चहा, दिवसाला चार कप. रक्तदाब एकशे चोवीस, ब्याऐंशी.

"कशाने गेले?" त्यांनी हळू विचारलं.

"हृदयानेच. सकाळी दाढी करताना."

डॉक्टरीणबाईंची मान चहाताईकडे वळली. चहाताईने तोंड उघडलं. आणि तेवढ्यात काकूच म्हणाल्या, "टायपिंगमध्ये काहीतरी गफलत झाली असेल हो. आमच्या ताई असं काही करायच्या नाहीत."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर कुणी आख्खी होडी आणून दिली होती, आणि चहाताई मुकाट्याने तिच्यात चढली. मान खाली घालून ती एवढंच म्हणाली, "काका गेले? मला कळलंच नाही." यातलं कळलं नाही हे खरं होतं. तेवढंच.

भाऊसाहेब उठले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "जुना फॉर्म पुन्हा चढवला गेला असेल माझ्याकडून," ते म्हणाले. "मूळ कागद बघतो. ताई, तुमचा जुलैचा गठ्ठा काढून देता का?"

गठ्ठे आतल्या खोलीत कपाटात असत. ती आत गेली. आपला गठ्ठा काढला, दोरी सोडली, आणि एकशे चाळीस कागदांतून तो एक कागद बाहेर ओढला. तिच्या अक्षरातला, तिच्या सहीचा. घडी घालून पर्समध्ये टाकला. दोरी परत बांधली. गाठ मारताना हात थरथरले नाहीत, याचंच तिला पुढे सगळ्यात नवल वाटलं.

भाऊसाहेबांनी गठ्ठा दोनदा चाळला. कागद नव्हता. कागद नाही आणि संगणकात नोंद आहे, म्हणजे नोंद हवेतून आली.

काकू गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर भाऊसाहेबांना फैलावर घेतलं. ओरडायचा त्यांचा स्वभाव नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "मेलेल्या माणसाला आपण चहा पाजलाय, भाऊसाहेब. उद्या कुणी विचारलं, तुमच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास का ठेवावा, तर मी काय सांगू?" त्यांचं संगणकाचं काम तपासणी होईपर्यंत थांबवायचं ठरलं.

दुपारी डबे उघडले तेव्हा भाऊसाहेब तिच्याजवळ आले. "ताई, माफ करा. तुमच्या घराच्या नोंदीत घोळ केला मी. नाव तुमचं खराब झालं असतं." मग जरा थांबून म्हणाले, "डोळेच गेले असतील माझे. मुलगा केव्हाचा म्हणतोय दाखवून घ्या. इतकी वर्षं वाटायचं, एवढं एक काम तरी आपल्याला बिनचूक येतं."

"असू द्या हो," ती म्हणाली. असू द्या! तो शब्द तोंडातून गेला आणि तिने अर्धा डबा तसाच बंद केला.

*

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो बसच्या डेपोत मेकॅनिक होता. बोलणं मोजकं. सिंकखाली वाकून गळणारा नळ आवळत होता. ती ओट्याला टेकून, भिंतीकडे बघत, सगळं बोलली. तापापासून सुरुवात केली.

"ताप राहू दे," तो सिंकखालून म्हणाला. "पुढे."

तिने पुढचं सांगितलं. तो बाहेर आला आणि पाना हातात घेऊन तसाच जमिनीवर बसला.

"तो कागद कुठंय?"

"पर्समध्ये."

"ब्रेक न बघताच 'बघितला' म्हणून सही करणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात, ठाऊक आहे?"

"नको सांगूस."

त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तो हात धुऊन आला आणि पुसता पुसता एवढंच म्हणाला, "त्या भाऊसाहेबांनी खरंच डोळे तपासून घेतले, आणि डोळे चांगले निघाले, तर त्यांना काय वाटेल? आपलं डोकं फिरलं असंच ना?"

त्यानंतर दोन दिवस ती केंद्रात गेली, आली, जेवली, झोपली. भाऊसाहेब आता दाराजवळच्या स्टुलावर बसून पाकिटांवर पत्ते चिकटवत होते. प्रत्येक पत्ता चिकटवण्याआधी कागद डोळ्यांजवळ नेऊन तीन तीनदा वाचत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ती केंद्रात न जाता चौथ्या मजल्यावर गेली.

*

जिना चढताना तिला प्रत्येक मजल्यावर वाटलं, काकू घरी नसतील. होत्या.

"या," त्या म्हणाल्या. आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही. नेहमीच्या खुर्चीकडे हात केला आणि आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला. अर्धा की पूर्ण, हे या वेळी विचारलं नाही. खोली तशीच होती. खिडकीजवळचं काकांचं टेबल मात्र मोकळं होतं. त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग.

चहा आला. एकच कप, तिच्यापुढे. काकूंनी स्वतःला घेतला नव्हता.

"काकू, ती टायपिंगची चूक नव्हती."

"माहीत आहे."

चहाताईने मान वर केली.

"तुम्ही मार्चमध्ये आला नव्हता," काकू म्हणाल्या. आवाज अगदी घरगुती, दूध तापवायचं राहिलं म्हणावं तसा. "मी या घरातच असते ना. आणि एप्रिलच्या सुरुवातीला कार्ड आलं. एकशे सव्वीस, ऐंशी. ह्यांनी ते भिंग लावून वाचलं. मला म्हणाले, अगं, माझा दंड न धरताच रक्तदाब कळायला लागला यांना, शास्त्र फार पुढे गेलं. खूप हसले. मी चिडले. म्हटलं, केंद्रात फोन करा. तर म्हणाले, नको, बिचारीचं काम जाईल. काहीतरी अडचण असेल तिची. जुलैत आली की मीच कान धरीन."

चहाताईच्या डोळ्यांसमोर बाग आली, बाक आला, राशिभविष्याचं पान आलं. अडचण!

"आणि आणखी एक सांगते. सांगणार नव्हते, पण आता तुम्ही आलाच आहात." काकूंनी मांडीवरची साडी सारखी केली. "फेब्रुवारीपासून त्यांना जिन्यात थांबावं लागायचं. दुसऱ्या मजल्यावर एकदा, तिसऱ्यावर एकदा. मी म्हणायची, दवाखान्यात चला. ते म्हणायचे, मार्चमध्ये ताई येतेच आहे, तिला सांगतो. ती लिहून घेईल, त्यांचे डॉक्टर बोलावतील तर जाईन. तिच्या शब्दावर जाईन. मार्चभर रोज विचारायचे, आली होती का गं? मी बाहेर गेलो होतो तेव्हा कुणी आलं होतं का?"

फॉर्मवर तो प्रश्न सत्तेचाळिसावा होता. छातीत दुखणं, दम लागणं. 'हो' म्हटलं तर लाल खूण करायची आणि त्याच दिवशी केंद्रात कळवायचं, दोन दिवसांत माणसाला तपासायला बोलावलं जायचं. गेल्या पाच वर्षांत तिने अशा नऊ लाल खुणा केल्या होत्या. त्यातली सात माणसं अजून हिंडत-फिरत होती.

"काकू, मी..."

"जुलैमध्ये त्यांना किती कप पाजलेत तुम्ही? कार्डावर होतं, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"चार."

"दोन घेत होते फेब्रुवारीपासून. तिसरा घेतला की धडधडतं म्हणायचे." काकू पहिल्यांदाच तिच्याकडे रोखून बघत होत्या. "बदलले होते ते. तुम्हाला वाटलं, ते कधी बदलायचेच नाहीत."

चहाताई रडायला लागली. तोंडावर पदर धरला, पण हुंदका आवरेना. काकूंनी तिला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही, पाणी दिलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमच्या रडण्याचं मी काय करू? माझ्याकडे माझंच पुष्कळ आहे."

हे ऐकल्यावर रडणंही थांबलं. रडायचासुद्धा आपल्याला इथे हक्क नाही, हे तिला अंगावर पाणी ओतल्यासारखं कळलं. तिने डोळे पुसले.

"मग सोमवारी केंद्रात तुम्ही मला का वाचवलंत?"

"ह्यांनी सांगितलं होतं ना, तिचं काम घालवू नको. त्यांचा शब्द होता, मी पाळला. एकदा पाळला. पुन्हा पुन्हा पाळीन असं नाही." काकू उठल्या. "आणि मला बघायचं होतं, तुम्ही स्वतः काही बोलता का. तुम्ही बोलला नाहीत. त्या चष्मेवाल्या गृहस्थांना बोलणी खावी लागली असतील, हो ना?"

"हो."

"मग इथे काय करताय?"

चहा तसाच राहिला होता. वर साय धरली होती. तो पिणं बरं दिसणार नाही आणि टाकून उठणंही बरं दिसणार नाही, अशा पेचात ती क्षणभर उभी राहिली. काकूंनीच कप उचलला आणि मोरीत ओतला.

*

केंद्रात ती पोचली तेव्हा चार वाजले होते. ती थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली नाही. आधी दाराजवळच्या स्टुलापाशी गेली, पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि भाऊसाहेबांच्या हातात दिला.

"तुमचे डोळे चांगले आहेत," ती म्हणाली. "हा बघा. मी जे लिहिलं होतं तेच तुम्ही चढवलंत."

भाऊसाहेबांनी कागद उलगडला. वाचला. ओठ हलले, सवयीने आकडे म्हणून पाहिले. मग तिची सही पाहिली. ते काहीतरी बोलतील म्हणून ती थांबली. शिव्या दिल्या असत्या तर तिने त्या ओंजळीत घेतल्या असत्या. पण ते इतकंच म्हणाले, "गठ्ठा तुम्हीच काढून दिला होता." कागद तिच्या हातात परत दिला आणि पाकिटावर पत्ता चिकटवू लागले. या खेपेला एकदाच वाचून.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मधे एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी विचारलं, "किती?"

"गेल्या दीड वर्षात एकसष्ट. यादी करून देते."

"यादीचा काय उपयोग? ती खरी आहे हे मी कशावरून मानू?"

चहाताईने हातातला कागद टेबलावर ठेवला.

"मी भाऊसाहेबांना सगळ्यांसमोर बोलले," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग खुर्चीत मागे टेकल्या. थकल्या होत्या. "तुझी सगळी घरं काढावी लागतील. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस. पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी."

"पहिली चार वर्षं मी एकही..."

"असेल. पण आता ते फक्त तुलाच माहीत आहे."

ती दाराकडे वळली आणि थांबली. विचारू नये हे कळत असूनही विचारलं, "मार्चमध्ये मी गेले असते, तर काका वाचले असते?"

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा तो कागद फायलीत ठेवला. "वाचले असते कदाचित. कदाचित नसतेही. हे कुणीच सांगू शकत नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी एक बाजू निवडणार नाही."

तिचं काम त्याच दिवशी संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी बैठक बोलावून भाऊसाहेबांची माफी मागितली आणि ते पुन्हा संगणकावर बसले, असं तिला एका जुन्या सोबतिणीकडून कळलं. त्या दिवसापासून दर फेरीला पाचातलं एक घर दुसऱ्या बाईने जाऊन पडताळायचं, असा नियमही झाला. चहाताईच्या नावावरून त्या नियमाला केंद्रात काय म्हणतात, हे सोबतिणीने सांगितलं नाही. चहाताईनेही विचारलं नाही.

एकशे चाळीस घरांना केंद्राने पत्र पाठवलं. काही कारणांमुळे आपली माहिती यापुढे पाहणीत धरता येणार नाही, क्षमस्व. काही कारणांमुळे! त्याची प्रत तिच्या घरीही आली. नवऱ्याने ते पत्र टेबलावर वाचलं आणि घडी घालून तिच्या पुढ्यात सरकवलं. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच बाहेर पडली. पिशवीत यंत्र नव्हतं, काटा नव्हता, फॉर्म नव्हते. पिशवीच नव्हती. हातांचं काय करावं ते तिला कळेना.

रोज पाच-सहा घरं. दारातच उभी राहायची, आत यायला सांगितलं तरी जायची नाही. एकच वाक्य पाठ केलं होतं, "ती कारणं म्हणजे मी." आठ कपवाले मास्तर ऐकून आधी हसले, मग हसायचे थांबले. कानात दोन चमचे सांगणारी आजी म्हणाली, "म्हणजे मी तुला खरं सांगितलं आणि तू खोटं लिहिलंस? बरं आहे!" एका घरात दार तोंडावर लागलं. एका घरात बाई म्हणाली, जाऊ द्या हो ताई, एवढं काय त्यात, आणि तिला जवळ घेतलं. त्या घरातून निघताना सर्वांत जास्त लाज वाटली.

चौथ्या मजल्यावर ती पुन्हा गेली नाही. तिथे सांगायचं शिल्लक काही नव्हतं, आणि स्वतःला बरं वाटावं म्हणून त्या बाईचं दार वाजवायचं नाही, एवढं तिला आता समजत होतं.

सदतिसावं घर एका निवृत्त नर्सचं होतं. वय अडुसष्ट, एकटी राहणारी, कडक बाई. पाहणी सुरू झाल्यापासून तिने एक वही ठेवली होती. रोज किती चहा, किती वाजता, केवढ्या कपातून. प्रश्न विचारायच्या आधी ती वहीच उघडून समोर ठेवायची. हिच्या घरी चहाताईने एकदाही खाडा केला नव्हता. त्या वहीपुढे खोटं लिहायची तिची हिंमतच झाली नव्हती.

नर्सने सगळं ऐकलं. एक हात दाराच्या चौकटीवर, केंद्राचं पत्र दुसऱ्या हातात.

"माझे फॉर्म खरे होते?"

"हो. सगळे."

"तरी फेकले?"

"हो."

"मला वाटलं होतं, मी गेल्यावर तेवढं तरी कुणाच्या कामी येईल," नर्स म्हणाली. "मूल ना बाळ. म्हटलं, एकोणीसशे दिवसांचा चहा तर देऊन जाऊ."

चहाताई उभी राहिली. पाठ केलेलं वाक्य आधीच बोलून झालं होतं, आणि दुसरं तिच्याजवळ नव्हतं. माफ करा म्हणावंसं वाटलं, पण त्याने समोरच्या बाईवर काहीतरी देण्याची जबाबदारी पडली असती. म्हणून ती ते म्हणाली नाही. खाली बघितलं नाही. नर्स तिच्याकडे जितका वेळ बघत होती तितका वेळ तिने बघू दिलं.

"जा आता," नर्स म्हणाली.

ती जिना उतरून रस्त्यावर आली. अजून एकशे दोन घरं राहिली होती. पुढचं घर समोरच्याच इमारतीत होतं, तिसऱ्या मजल्यावर. ती रस्ता ओलांडून आत गेली आणि कठड्याला धरून चढू लागली.